भाकर तीच, पण रात्री अकराची : जेवणाच्या वेळेचा साखरेशी संबंध किती?

राखाडी टोपण (परभणी)

परभणीत एका छोट्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो. सकाळी सातच्या आत बाकडं भरतं. नाव-वय लिहून झालं की माझा ठरलेला प्रश्न, रात्री किती वाजता जेवलात? पेशंट म्हणतो, "आठला." मागं उभी असलेली बायको म्हणते, "कुठं आठला? दुकान बंद करून आले तेच साडेदहाला. अकरा वाजले ताटावर बसायला." म्हणजे 'उपाशीपोटी' म्हणून मी जे रक्त काढायलोय, त्याला आठ तासही झालेले नसतात. मग त्याला तासभर बसवून ठेवायचं, आणि त्याचा चहा चुकला म्हणून शिव्या खायच्या.

आपल्या भागात 'काय खावं' यावर चौकाचौकात व्याख्यानं होतात. ज्वारी की गहू, तूप की करडईचं तेल, गूळ चालतो का. 'कधी खावं' यावर मात्र "लवकर जेवावं" एवढं बोलून विषय संपतो. मी या बाजूनं बरंच वाचलं, ते मांडतो. पटलं नाही तर ठोका.

मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पेशीतलं हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालतं ते फळमाशीवर काम करून उलगडलं, म्हणून हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळं असतात आणि ती उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेवर लागतात, हे फारसं बोललं जात नाही. रात्री अकराला ताट समोर आलं की मेंदू म्हणतो झोप, यकृत म्हणतं माल उतरवून घे. दोघांचा ताळमेळ राहत नाही.

त्यात मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक. झोपेची वेळ जवळ येऊ लागली की ते रक्तात चढायला लागतं, आणि ते चढलेलं असताना स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडता घेतं. स्पेनमध्ये ८४५ जणांवर केलेला एक अभ्यास २०२२ साली छापून आला. त्याच माणसाला एकदा झोपेच्या चार तास आधी आणि एकदा एक तास आधी ग्लुकोजचं पाणी पाजलं. उशिराच्या वेळी इन्सुलिन सुमारे सात टक्के कमी आणि साखर सुमारे आठ टक्के जास्त भरली. एका विशिष्ट जनुकाचा प्रकार अंगात असलेल्यांना हा फटका जास्त बसला. सारख्याच वेळी जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाचीच साखर का वाढते, याची अनेक कारणं असतात, त्यातलं हे एक असू शकतं.

आता माझं म्हणणं. आठ टक्के हा आकडा ऐकून कोणी घाबरणार नाही आणि घाबरूही नये. मला मोठी भानगड दुसरीच वाटते. उशीर झाला की ताटातलं सामानच बदलतं. आठ वाजता घरात काय असतं? तव्यावरची भाकर, मेथीची पातळ भाजी नाहीतर येसराची आमटी, कांदा, शेंगदाण्याची चटणी, एखादवेळी ताक. अकरा वाजता? भाजी पातेल्याच्या बुडाला चिकटलेली, भाकरी दोन राहिलेल्या आणि त्याही वातड, भात मात्र भरपूर. मग भातावर तेल-तिखट, वरून शेव. त्याआधी आठ-साडेआठला दुकानावरच भूक लागलेली असते, तेव्हा समोरच्या गाड्यावरचे भजे नाहीतर पाववडा झालेला असतो. रात्रीचं जड झालं की सकाळी भूक नसते. नुसता चहा, त्यात दोन खारी. अकरा वाजता पुन्हा चहा. मग दुपारी अडीच-तीनला पोटात आग पडते आणि माणूस दिसेल ते खातो. डाळ, भाजी, ताक हे सगळं या साखळीत कुठंतरी गळून जातं आणि ज्याला पूर्ण दिवसाचा आहार म्हणायचा त्यात पीठ, साखर आणि तेल तेवढं उरतं.

म्हणून 'मी तर घरचंच खातो' हे उत्तर मला अर्धवट वाटतं. घरचंच, पण कितीचं?

तुमच्या घरी काय वेळा आहेत? आणि त्या बदलता येतात का, खरं सांगा.

---

तुरीचा दाणा (लातूर)

लातूरचा माणूस या धाग्यावर गप्प बसला तर गावात तोंड दाखवता येणार नाही. आमच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी अख्ख्या महाराष्ट्राला दोनदा जेवायला शिकवलं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे ते स्वतःच सांगतात. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण उरकायचं, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा, बस्स. मी करतो. पँट ढिली झाली, घोरणं कमी झालं. त्यात सूर्यास्ताआधी जेवा असा काही नियम नाही. माझी भूक दुपारी एकची आणि रात्री साडेनवाची. मग तुमचं घड्याळ मला का छळतंय?

---

राखाडी टोपण (परभणी)

छळत नाही हो. तुमचं वजन उतरलं, आनंदच आहे. फक्त किती वेळा खायचं आणि कोणत्या वेळी खायचं हे दोन प्रश्न एकात कालवू नका. दोनदा जेवणाऱ्याचा मधला चहा-खारी-चिवडा बंद होतो, आपल्याकडं तेवढ्यानंच निम्मं काम होतं. दर दोन तासांनी थोडं खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर आणि दीक्षित यांच्यात कोण खरं, यावर मधे घराघरात भांडणं लागली होती. तेव्हाही कितीदा यावरच सगळे तुटून पडले, किती वाजता हा मुद्दा कोपऱ्यात राहिला.

२०१८ साली अमेरिकेतला एक प्रयोग आला होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आठ पुरुष, पाच आठवडे, सगळं खाणं सहा तासांत आणि शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत. वजन कमी होऊ दिलं नाही, मुद्दाम तेवढंच खायला घातलं. तरी इन्सुलिनचं काम सुधारलं आणि रक्तदाब उतरला. आठच जण होते, त्यामुळं फार नाचायचं कारण नाही, आणि तीन वाजता दिवसाचं जेवण संपवणं आपल्याकडं कोणाला जमणार? पण वजन तेच राहून फरक पडला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तुम्हाला एकच सुचवेन. एकची आणि साडेनवाची वेळ अकराची आणि सातची करून बघा. दोनदाच राहील.

---

हिशोबी (छत्रपती संभाजीनगर)

दोघांनाही थोडं जमिनीवर आणतो.

चीनमध्ये ग्वांगझू इथं १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर चाचणी झाली, २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आली. दोन्ही गटांना कॅलरी मोजूनच दिल्या. एका गटानं सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत खाल्लं, दुसऱ्यानं हवं तेव्हा. वर्षाअखेरीस पहिल्यांचं सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला टिकला नाही. साखर, रक्तदाब यांतही ठळक फरक नव्हता. म्हणजे कमी खाल्लं की उतरतं, वाजले किती हे गौण.

दुसरं. "सकाळचं राजासारखं, रात्रीचं भिकाऱ्यासारखं" हे सगळे घोकतात. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये ३० जणांवर नेमकं हेच तपासलं, तेही २०२२ चंच. एकदा सकाळी भरपेट, एकदा रात्री भरपेट, एकूण कॅलरी सारख्या. वजनात फरक शून्य. आपल्या आज्या-पणज्या लवकर जेवायच्या कारण रॉकेल महाग होतं. त्याला विज्ञानाची झालर लावू नका.

---

राखाडी टोपण (परभणी)

हिशोबी, रॉकेलचं एकदम मान्य :)

वजनाच्या बाबतीत तुमच्याशी भांडणार नाही. मोजून दिलेल्या कॅलरी असतील तर घड्याळ फारसं काही करत नाही, असंच दिसतंय. पण ॲबर्डीनच्या त्याच अभ्यासाचं पुढचं वाक्य तुम्ही गाळलं. सकाळी भरपेट जेवणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागली. प्रयोगात ताट मोजून येतं, त्यामुळं भूक लागली काय न लागली काय, वजनावर परिणाम दिसणार नाही. माझ्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला कोण मोजून देणार? त्याची भूक वाढली की तो गाड्यावर जाणार. माझा मुद्दा तोच आहे. घड्याळ आधी ताट बिघडवतं, मग साखर.

शिवाय सगळ्याला वजनाच्या काट्यावर मोजायची सवय आपल्याकडं घातक आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 'दिसायला बारीक, आतून चरबी' ही आपल्या लोकांची ठेवण जगापुढं मांडली. माझ्याकडं काटक, बरगड्या मोजता येतील असे शेतकरी येतात आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सात टक्के निघते, म्हणजे मधुमेहच. त्यांना वजन उतरवा म्हणून काय सांगायचं? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या देशव्यापी पाहणीत मधुमेही १० कोटींच्या वर आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींच्या वर निघाले. मधुमेह शहरात जास्त आहे, पण उंबरठ्यावरच्यांमध्ये शहर-खेडं असा भेदच सापडला नाही.

---

दारं धरणारा (गेवराई)

वाचून हसायला आलं. आठला जेवा, सातला जेवा. लाईट कधी येती ते इचारा की आधी. आमच्याकडं थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी आली की बारा वाजता मोटर चालू करायची आन् सकाळपर्यंत हरभऱ्यात दारं धरायची. थंडीत पाय पाण्यात, हातात बॅटरी, इचू-काट्याचं भ्या. साडेसातला घरून जेवूनच निघतो. पण तीन वाजता पोटात कावळे. मग खोपटात चहा आन् बिस्किटाचा पुडा, आख्खा. सकाळी आठला घरी येऊन चार धपाटे, दही, आन् तसाच आडवा. दुपारी बाराला उठलो की परत जेवण. आता सांगा, माझी न्याहारी कोणती आन् रात्रीचं जेवण कोणतं?

बाप म्हणतो आमच्या वेळी साखर-बिखर काय नव्हती. पण त्याच्या वेळी मोट होती, मोट दिवसा चालायची.

---

थर्ड शिफ्ट (वाळूज)

दादा, आपण एकाच बोटीत. फक्त माझ्या अंगावर युनिफॉर्म आहे. साडेअकराला पंचिंग, अडीच वाजता कँटीन. पुऱ्या, बटाट्याची भाजी, भात, वर गुलाबजाम. फुकट आणि गरम, कोण सोडणार? खाल्लं की चार वाजता मशीनसमोर डोळे मिटतात. सकाळी रूमवर येऊन पोहे, मग पडदे लावून झोप. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, सगळं उलटं. लग्नाआधी सत्तर किलो होतो, आता विचारू नका. पोरांमध्ये ॲसिडिटीच्या गोळीचं पाकीट खिशात नाही असा माणूस सापडणार नाही.

---

राखाडी टोपण (परभणी)

तुम्हा दोघांसाठीच एक प्रयोग आठवला. २०२१ सालचा, बोस्टनमधला. १९ धडधाकट तरुणांना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखं जागवलं. निम्मे रात्री आणि दिवसा असे दोन्ही वेळा जेवले, बाकीचे जागले रात्रभर पण जेवले फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांची वाढली नाही. जागरण दोघांचं सारखंच होतं.

प्रयोगशाळा आणि हरभऱ्याचं वावर यात फरक आहे, कळतं मला. रात्रभर पाण्यात उभ्या माणसाला उपाशी राहा असं मी म्हणणार नाही. पण मोठं जेवण कुठं बसवायचं ते यावरून ठरवता येतं. गेवराईकर, तुमचं साडेसातचं जेवण बरोबर जागेवर आहे, तेच मुख्य ठेवा, त्यात डाळ-उसळ वाढवा म्हणजे दम टिकेल. तीन वाजता बिस्किटाच्या पुड्याऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे न्या, चहा कमी साखरेचा. सकाळी झोपायच्या आधी चार नको, एक धपाटं. बाराचं जेवण पोटभर करा, ते दिवसाच्या उजेडातच आहे.

वाळूजकर, कँटीनमध्ये अडीचला वरण आणि कोशिंबीर घ्या, पुऱ्या-भात अगदी थोडा. साडेदहाला रूमवर नीट जेवून गेलात तर हे जमेल. रिकाम्या पोटी गेलात तर गुलाबजामसमोर कोणाचं चालत नाही.

---

एमबीबीएस काका (बीड)

धागा चांगला चाललाय, मधेच एक धोक्याची पाटी लावतो. मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी इथलं वाचून उद्यापासून एकवेळ जेवण सुरू करू नये. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, गोळी घेतली आणि जेवण टाळलं, तर घाम, थरथर, चक्कर, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर बेशुद्धी. सकाळी गोळी खाऊन पोथीला बसलेले, दुपारपर्यंत पोटात अन्न नाही, असे पेशंट मी उचलून आणलेले पाहिलेत. त्यांना तोंडात पाणी घालत बसतात, दारू प्यायला म्हणतात. जेवणाची वेळ बदलायची असेल तर गोळीची वेळ आणि डोस आधी बदलून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि उपवास म्हणाल तर, एकादशी दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, वर बटाटा. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ओपीडीत गर्दी का असते ते सांगायला नको.

---

अर्धा कप (नांदेड)

काकांच्या पोस्टला जोडून विचारतो. अब्बांना साखर आहे, रोजे सोडायला तयार नाहीत. सहरीला घाईघाईत थोडंसं, इफ्तारला खजूर, भजे, शरबत, तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) झाली की अकराला पुन्हा पूर्ण जेवण. महिनाभर घड्याळ पूर्ण उलटं. यात काही करता येतं का, की नुसतं काळजी करत बसायचं?

---

एमबीबीएस काका (बीड)

येतं ना. रमजानच्या महिनाभर आधी त्यांना घेऊन डॉक्टरकडं जा. रोजे झेपतील का ते त्यांची साखर, किडनी, औषधं बघून ठरतं, काहींना स्पष्ट नाहीच म्हणावं लागतं. झेपत असतील तर साधारणपणे मोठा डोस इफ्तारकडं, छोटा सहरीकडं असा फिरवतात. सहरी अगदी शेवटच्या वेळेला करा आणि त्यात ज्वारीची भाकर, डाळ, अंडं, दही असू द्या. इफ्तारला खजूर एक-दोन, शरबताऐवजी पाणी किंवा ताक, आणि मुख्य जेवण तेव्हाच उरकून घ्या. अकराचं दुसरं जेवण काढून टाकलं तरी मोठा फरक पडेल.

दिवसा साखर तपासत राहा. सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली तर रोजा तिथंच सोडायचा. बोट टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात. अब्बांना ते मशिदीतल्या मौलानांकडून ऐकवा, तुमचं ऐकणार नाहीत.

---

अर्धा कप (नांदेड)

शुक्रिया डॉक्टरसाहेब. शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं.

---

माई उदगीरकर

सगळ्या पुरुषांचं वाचलं. शिफ्ट आहे, लाईट आहे, दुकान आहे, सगळं खरं. आता स्वयंपाकघरातलं ऐका.

एकत्र घर आहे आमचं. मुलं सातला भुकेजतात, त्यांना वाढते. सासूबाई-मामंजी आठला. नवरा साडेनवाला. धाकटे दीर मोंढ्यात आडतीवर आहेत, हंगामात त्यांना साडेदहा होतात. त्यांना गरम भाकर लागते, म्हणून तवा तोवर चढलेलाच. माझं ताट अकराला. त्या ताटात काय असतं ते वर लिहिलंच आहे कोणीतरी, पातेल्याच्या बुडाचं. भाजी उरलीच तर माझी, नाहीतर भात आणि कढी. उरलेलं टाकवत नाही म्हणून दोन घास जास्तच. सकाळी साडेपाचला उठून डबे. माझी न्याहारी दहाला, चहात बुडवून पोळीचा तुकडा.

साखर काठावर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, लवकर जेवत चला." घरात जेवणाची वेळ कोण ठरवतं असं त्यांना वाटतं कोण जाणे. ती ठरवतो सगळ्यांत शेवटी घरी येणारा. आणि ती पाळते शेवटी जेवणारी.

---

राखाडी टोपण (परभणी)

माई, मी वेळेचा एवढा पसारा लिहिला आणि वेळ ठरवतं कोण हे विचारलंच नव्हतं. तुम्ही नेमकं तिथं बोट ठेवलं.

लॅबच्या बाजूनं एक सांगतो. तुमचं हिमोग्लोबिन तपासलंय का? लोह कमी असल्यानं रक्त कमी असेल तर तीन महिन्यांची साखर आहे त्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते. काठावरचा आकडा असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरचीही तपासून घ्या. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. निम्मी माणसं तिथं चुकतात. आणि रिपोर्टसाठी म्हणून त्या दिवशी वेगळं काही खाऊ नका. रोज भात-कढी असेल तर भात-कढीच खाऊन या, म्हणजे खरं काय ते कळेल.

शेवटी जेवणाऱ्या बाईचं ताट हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे हे मान्य. उशीर तिलाच, उरलेलंही तिलाच, आणि जेवण झाल्यावर ओट्यापाशी उभी तीच.

---

तुरीचा दाणा (लातूर)

माईंचं वाचून माझ्या घरी विचारलं, तू किती वाजता जेवतेस? "तुमचं झालं की." म्हणजे माझ्या साडेनवाच्या 'कडकडून भुके'मुळं ती दहाला जेवते. तिला कडकडून कधी लागते ते मी कधी विचारलं नव्हतं. आजपासून सातची वेळ. बघू.

---

हिशोबी (छत्रपती संभाजीनगर)

माझा आक्षेप विज्ञानावर होता आणि तो आहेच. पण माईंच्या केसमध्ये माझा हिशोबही तेच सांगतो. अकराला उरलेलं संपवणं म्हणजे न मोजता खाणं.

ज्यांना वेळ खरंच बदलता येत नाही त्यांच्यासाठी एक स्वस्त उपाय. न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेहींवर २०१६ साली केलेला प्रयोग आहे. दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाललेलं जेवणानंतरच्या साखरेला जास्त चांगलं पडलं. आणि सगळ्यांत जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर. मोंढ्यातून उशिरा येणाऱ्यांनी जेवून मोबाईल घेऊन आडवं न होता गल्लीच्या टोकापर्यंत दोन चकरा माराव्यात. छातीतली जळजळही कमी होते, जेवण आणि आडवं होणं यात दोन-तीन तास गेले की.

---

थर्ड शिफ्ट (वाळूज)

अडीचला कँटीनमधून गल्लीत चकरा मारल्या तर सुपरवायझर नोटीस देईल. पण शॉपफ्लोअरवर हिंडता येईल. साडेदहाचं जेवण कालपासून चालू केलंय. रूम पार्टनर म्हणतो, डबल जेवायलास. म्हटलं थांब, गुलाबजाम तुलाच देतो.

---

दारं धरणारा (गेवराई)

फुटाण्याचं बरं सुचवलं. खिशात राहत्यात, पाण्यात पडले तरी जात नाहीत वाया. ते सोलरचं झालं की दिवसा लाईट येनार म्हनत्यात, गावात खांब तरी रोवलेत. आलं तर साडेसातला जेवून साडेनऊला झोपतो का नाही बगा.

---

माई उदगीरकर

ज्यांनी लिहिलं त्यांना सगळ्यांना धन्यवाद. काय केलं ते सांगते, उगाच सल्ल्यांवर पाणी पडायला नको.

मुलांबरोबर साडेसातला मीही ताट वाढून घेते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी वर पाहिलं, बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आमच्यात असं नव्हतं." मी डॉक्टरचा कागद दाखवला. कागदाला मान असतो. आता त्याही आठऐवजी आमच्याच पंगतीला बसतात, एकट्यानं जेवायला त्यांनाही नको होतं म्हणे. माझ्या ताटात भाजी आली, वरण वाटीभर आलं. सकाळी सात वाजताच भूक लागते, तेव्हा डब्यांतलाच एक जास्तीचा पोळी-भाजीचा घास होतो. साखरेचं पुढच्या तपासणीला कळेल.

---

तुरीचा दाणा (लातूर)

भारी! आणि दिरांच्या गरम भाकरीचं काय झालं?

---

माई उदगीरकर

आठच्या आत सगळ्या भाकरी थापून होतात. पांढऱ्या धडप्यात गुंडाळून टोपल्यात झाकल्या की साडेदहापर्यंत मऊ राहतात, फक्त पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं. भावजींनी दोन दिवस तोंड वाकडं केलं. आता स्वतः वाढून घेतात. ताट घासायचं मात्र अजून विसरतात, त्यावर काम चालू आहे.